ट्रिमिक्सची जुनी जमीन फोडायची, की आहे तीच सुधारायची?

शेड_भोसरी
भोसरी एमआयडीसीतली ६० बाय १०० फुटांची शेड. खाली ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जास्तीचं पाणी ओढून घोटलेलं काँक्रीट) आहे, सहा इंच जाडी, एम२५ ग्रेड, घालून बारा वर्षं झाली. १२ फुटांवर आडवे-उभे ग्रूव्ह (कापलेले सांधे). अर्ध्या शेडमध्ये दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आणि दोन प्रेस, उरलेल्या अर्ध्यात पॅकिंग आणि रॅक.

सकाळी झाडलं तरी संध्याकाळपर्यंत मालावर पांढरट धूळ बसते. ग्रूव्हच्या कडा उडाल्या आहेत, मधल्या गल्लीत तर दोन-दोन इंच, आणि हँड पॅलेट ट्रक तिथे आपटतो. दोन लांब चिरा आहेत. प्रेसच्या आजूबाजूला तेल मुरून जमीन काळी पडली आहे.

तीन कोटेशन आली: एकात सगळं फोडून नवीन, दुसऱ्यात आहे त्यावर चार इंच काँक्रीट, तिसऱ्यात ‘थ्री कोट इपॉक्सी’ (रेझिन आणि हार्डनर मिसळून केलेला लेप). काम बंद ठेवायला आठ-दहा दिवस मिळतील, तेही अर्धी-अर्धी शेड करून. जाणकारांनी कृपया सांगावं.

मुरूम_सोलिंग
आधी फोडण्याचा हिशेब मांडू. ६,००० चौरस फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे ३,००० घनफूट, ३० ब्रास. मेट्रिकमध्ये ८५ घनमीटर, वजन दोनशे टनांच्या आसपास. एवढा राडारोडा उचलायचा, कुठेतरी नेऊन टाकायचा आणि तेवढंच नवीन काँक्रीट आणायचं. घनमीटरला ३२० किलो सिमेंट धरलं तर साडेपाचशेच्या जवळपास गोणी. ब्रेकरच्या हादऱ्यांनी व्हीएमसीची लेव्हल जाते ती वेगळीच. पुढे क्युरिंग, आणि वर इपॉक्सी करायचं असेल तर निदान २८ दिवसांची वाट. आठ-दहा दिवसांत हे बसतच नाही.

चार इंचांचा नवा थर म्हणजे शटरपाशी चार इंचांची पायरी. रॅकचे अँकर, मशीनची फाउंडेशन, दारं, सगळंच खाली जातं. आणि जुन्या काँक्रीटला तो थर चिकटवलात तर खालचा प्रत्येक ग्रूव्ह बरोबर त्याच रेषेवर वर कापावा लागतो. एक जरी चुकला तरी वर्षभरात तिथे चीर उमटते.

तुमच्या तक्रारी पाहिल्या तर त्या वरच्या काही मिलिमीटरच्या आणि सांध्यांच्या कडांच्या आहेत. स्लॅब स्वतः धड आहे का एवढं तपासा. एक किलोचा हातोडा घ्या आणि प्रत्येक पॅनेल (ग्रूव्हमधला चौकोन) कोपऱ्यांत आणि मधे ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर खाली पोकळी आहे किंवा वरचा थर सुटला आहे, त्या जागा खडूने आखा. मग भरलेला पॅलेट ट्रक किंवा फोर्कलिफ्ट सांध्यावरून हळू न्यायला सांगा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून बसा. एक बाजू दबते आणि दुसरी नाही, हे बोटांना लगेच कळतं. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) मिळाला तर उत्तम. दोन कडांतला फरक पाव मिलिमीटरच्या वर जात असेल तर तो सांधा नुसता भरून टिकणार नाही, आधी खालचा आधार दुरुस्त करायला हवा.

चिरांवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारून तारीख लिहा. रुंदी वाढते आहे का, दोन बाजूंच्या उंचीत फरक पडला आहे का, हे पाहिल्याशिवाय त्यात काहीही भरू नका.

हिरापॅड
धुळीबद्दल. ट्रिमिक्समध्ये व्हॅक्यूम कमी वेळ लावला, किंवा वर पाणी आलेलं असतानाच कोरडं सिमेंट शिंपडून घोटलं, की वर एक-दोन मिलिमीटरचा कमजोर थर तयार होतो. त्यात क्युरिंग नीट झालं नसेल तर तो आणखी भुसभुशीत. चाकं फिरतात तसा तोच झिजतो. खाली चांगलं काँक्रीट असतं, म्हणून हा थर काढणं हाच खरा इलाज. वरून रंग दिला तर रंग त्या भुशालाच चिकटतो आणि त्याच्यासकट निघतो. ‘थ्री कोट इपॉक्सी’ सहा महिन्यांत पापुद्र्यांनी उठतं त्याचं बहुतेक वेळा हेच कारण.

तपासणी सोपी आहे. खिळ्याने जोर लावून ओरखडा काढा. पांढरी खोल रेघ उठून पूड निघाली तर थर कमजोर. पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात जिरले तर जमीन शोषक आहे. तसेच उभे राहिले तर वर जुनं क्युरिंग कंपाऊंड, सीलर किंवा तेल आहे.

तिसरी तपासणी बरेच कंत्राटदार करत नाहीत. अल्कोहोलमधलं एक टक्क्याचं फिनॉल्फथॅलीन लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतं. हातग्राइंडरने वीतभर जागा घासा, पूड ओल्या फडक्याने पूर्ण पुसा (पूड राहिली तर रंग खोटा येतो) आणि फवारा. गडद गुलाबी आलं तर काँक्रीटमध्ये चुना शिल्लक आहे. रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो चुना संपवला आहे. डेन्सिफायर म्हणजे जमीन कडक करायला ओततात ते लिथियम किंवा सोडियम सिलिकेट. ते या चुन्याशी संयोग पावूनच कडक होतं. चुना नसलेल्या थरावर ओतलं तर पैसे वाया. एकेक मिलिमीटर घासत जायचं आणि गुलाबी दिसेल तिथे थांबायचं.

शेड_भोसरी
@हिरापॅड, घासायची पद्धत आणि क्रम सांगाल का? एकाने ‘१०० नंबरपासून सुरू करू’ असं सांगितलं आहे.

हिरापॅड
नंबर जितका मोठा तितका हिऱ्याचा कण बारीक. १०० पासून सुरू केलं तर कमजोर थर निघणारच नाही, त्यावरच चमक येईल आणि चार महिन्यांत जाईल.

थ्री-फेजवर चालणारं प्लॅनेटरी मशीन लागतं, सिंगल-फेजच्या हलक्या मशीनवर ६,००० फूट ओढण्यात अर्थ नाही. सुरुवात ३० नंबरच्या मेटल सेगमेंटने (धातूत हिऱ्याचे कण बसवलेला तुकडा), जुना रंग किंवा जाड थर असेल तर १६ ने. मग ६० किंवा ८० आणि १२०, तेही मेटलच. सेगमेंट निवडताना उलटा नियम आहे: काँक्रीट मऊ असेल तर कडक बाँड (हिरे धरून ठेवणारा धातू), काँक्रीट कडक असेल तर मऊ बाँड. भुसभुशीत जमिनीवर मऊ बाँड लावला तर सेगमेंट एका दिवसात उडतो. कडक जमिनीवर कडक बाँड लावला तर हिरा उघडाच पडत नाही, मशीन नुसतं सरकत राहतं.

प्रत्येक पायरीत आधीच्या पायरीचे ओरखडे पूर्ण गेले पाहिजेत. म्हणून एक पायरी उभी घासली तर पुढची आडवी घ्यायची, राहिलेले ओरखडे लगेच दिसतात. मधली पायरी गाळली तर ते गोल ओरखडे ८०० नंबरला चमक आल्यावर उठून दिसतात, आणि मग पुन्हा मागे जाण्याशिवाय इलाज नसतो.

डेन्सिफायर १२० नंतर. जमीन व्हॅक्यूमने स्वच्छ, लिटरला ५ ते ६ चौरस मीटर. तुमच्या ५५७ चौरस मीटरला पहिल्या हाताला सुमारे १०० लिटर, शोषक जागी जास्त. २० ते ३० मिनिटं जमीन ओली राहिली पाहिजे. सुकलेले डाग दिसले की तिथे मऊ झाडूने पुन्हा ओढायचं. उरलेलं तळं करून सुकू द्यायचं नाही, पांढरी पापडी बसते आणि ती घासूनच काढावी लागते. सोडियम सिलिकेट असेल तर बुळबुळीत व्हायला लागल्यावर पाणी मारून घासून धुवावं लागतं. लिथियमला हे कष्ट नाहीत, म्हणून ते महाग असूनही एकंदरीत परवडतं.

दुसऱ्या दिवशी रेझिन पॅड: १००, २००, ४००. कारखान्याला ४०० पुरे. ८०० आणि १५०० शोरूमसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडची खडी बेसॉल्टची, काळी. दोन-तीन मिलिमीटर घासलं की काळे ठिपके दिसू लागतात, आणि सगळीकडे सारखे दिसत नाहीत, कारण मूळ घोटाईच सारखी नसते. दुरुस्तीचे पॅचही दिसतात. एकसारखा रंगच हवा असेल तर पॉलिशच्या मागे लागू नका.

श्वास_जपा
घासताना उडणारी धूळ सिलिकाची असते, त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मशीनला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम जोडलेलाच हवा, कडेच्या हातग्राइंडरलाही झाकण आणि नळी हवी. तोंडाला रुमाल म्हणजे संरक्षण नाही, निदान एन९५ हवा. ओलं घासलं तर धूळ उडत नाही, पण गाळ निघतो. तो क्षारयुक्त असतो आणि गटारात सोडला तर घट्ट बसून पाइपच बंद करतो. ड्रममध्ये निवळू द्या, वरचं पाणी पुन्हा वापरा, गाळ वाळवून राडारोड्यात टाका. हे सगळं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

राळ_हार्डनर
पॉलिशला माझा विरोध नाही, पण प्रेसच्या भागात ते चालणार नाही. डेन्सिफायरने काँक्रीट कडक होतं, तेलरोधक होत नाही. तेल जरा उशिरा मुरतं इतकंच. शिवाय घासलेली जमीन तेलाने घसरडी होते. पॅकिंग आणि रॅकला डेन्सिफायर, प्रेस आणि व्हीएमसीला इपॉक्सी, अशी वाटणी करा.

तेल मुरलेल्या जागेवर हायड्रोक्लोरिक ॲसिड मारू नका. ॲसिड तेल काढत नाही, सिमेंट खातं, आणि मागे क्लोराइड सोडतं. अल्कलाइन डीग्रीझर गरम पाण्यात मिसळून ताठ ब्रशने घासा, २० मिनिटं मुरू द्या आणि ओल्या व्हॅक्यूमने ओढून घ्या. झाडूने लोटलंत तर तेच तेल शेजारच्या जागेत पसरतं. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा. तीन वेळा धुऊनही तेल वर येत असेल तर तेवढा भाग २०–२५ मिमी छिनून काढा आणि इपॉक्सी मॉर्टरने भरा.

इपॉक्सीखालच्या काँक्रीटची ओढून तपासलेली ताकद निदान १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागते. पुल-ऑफ टेस्ट करून मिळते, टेस्टिंग लॅब जागेवर येऊन करतात. पाच-सहा ठिकाणी करा. तुटलं तर कुठे तुटलं ते पाहा: काँक्रीटमध्ये आतून तुटलं तर चांगलं, वरच्या पातळ थरातूनच निघून आलं तर अजून घासायला हवं.

आता ओल. हा विषय आपल्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. ४५ सेंटिमीटर चौकोनी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि निदान १६ तास ठेवा. उचलल्यावर खाली दव किंवा काँक्रीट गडद दिसलं तर ओल वर येते आहे. पण ही टेस्ट मे महिन्यात केली तर सगळीकडे कोरडंच दिसेल. स्लॅबखाली प्लास्टिक शीट घातलेली नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर चढतं आणि उन्हाळ्यात केलेल्या इपॉक्सीला रुपयाएवढे फोड येतात. फोडले तर आतून चिकट पाणी निघतं. म्हणून टेस्ट पावसाळ्यात करा आणि काम दिवाळीनंतर.

काम करतानाही जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. भर पावसात केलेल्या इपॉक्सीवर मेणचट पांढरट साय येते, त्यावर पुढचा कोट चिकटत नाही.

सांधा
कडा का उडतात त्याकडे वळू. ग्रूव्हमध्ये आत्ता बहुधा डांबरी सीलंट आहे किंवा काहीच नाही. हँड पॅलेट ट्रकचं नायलॉनचं छोटं कडक चाक सांध्यात किंचित खाली जातं आणि समोरची कड ठोकतं. दिवसाला शेकडो वेळा. मऊ सीलंट चाकाला आधार देत नाही. इथे हवा सेमी-रिजिड फिलर, इपॉक्सी किंवा पॉलियुरिया, कडकपणा शोअर ए ८० किंवा वर. बाहेरच्या भिंतींना वापरतात ते ३०–४० शोअरचं सीलंट गल्लीत लावून उपयोग नाही.

उडालेल्या कडा आधी बांधायच्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चांगलं काँक्रीट लागेपर्यंत, साधारण ५० मिमीवर, कटरने २५ मिमी खोल सरळ काप घ्या आणि मधलं छिनून काढा. कड उतरती ठेवून शून्यावर आणली तर ती पातळ कड पहिल्या महिन्यात निघते, म्हणून सरळ उभा काप. प्रायमर, मग इपॉक्सी मॉर्टर, रेझिन एक भागाला सुकी क्वार्ट्झ वाळू सात भाग वजनाने, दाबून भरून वर थापीने बंद करायचं. या मापाने मीटरला अडीच लिटर, म्हणजे सुमारे ५ किलो मॉर्टर. कडक झालं की जुन्याच रेषेवर पुन्हा ग्रूव्ह कापा. हे विसरलं तर दोन पॅनेल एकमेकांना चिकटतात आणि चीर शेजारी फुटते.

तुमच्या जाळ्यात १२ फुटांच्या हिशेबाने ४ लांब सांधे गुणिले १०० आणि ८ आडवे गुणिले ६०, म्हणजे ८८० रनिंग फूट, २६८ मीटर. ६ मिमी रुंद आणि ४० मिमी खोल धरलं तर मीटरला ०.२४ लिटर, एकूण ६४ लिटर, वाया जाणारं धरून ७२ घ्या. सगळीकडे भरायची गरज नाही, चाकं जातात तिथे भरा. रॅकखालचे तसेच राहिले तरी चालतील.

ग्रूव्ह आधी सुक्या डायमंड ब्लेडने दोन्ही भिंतींना ताजं काँक्रीट दिसेल असा साफ करा आणि व्हॅक्यूम करा. फिलर तळापासून वरपर्यंत. तळाला बॅकर रॉड (फोमची दोरी) किंवा वाळू घालून फिलर वाचवू नका, चाकाच्या दाबाने तो आत बसतो. किंचित उंच भरा आणि कडक होत असताना पात्याने जमिनीसपाट तासा.

आणि नायलॉनची चाकं काढून पॉलियुरेथेनची लावा. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त काम हेच आहे.

मृदा_कोल्हापूर
दूध संकलन केंद्राच्या जमिनीला हेच चालेल का? कॅन धुण्याच्या जागेवर काँक्रीट खाल्लं गेलं आहे, खडी उघडी पडली आहे. गरम पाणीही पडतं.

राळ_हार्डनर
नाही ताई, तिथे डेन्सिफायरही नको आणि साधं इपॉक्सीही नको. दूध सांडून आंबलं की लॅक्टिक ॲसिड होतं आणि ते सिमेंट विरघळवतं. गरम पाण्याच्या झटक्याने इपॉक्सी तडकतं. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट, ६ मिमी जाड. गरम पाणी रोज आणि भरपूर असेल तर ९. मिलिमीटरला चौरस मीटरमागे साधारण २ किलो, म्हणजे ६ मिमीला १२ किलो.

खाल्लेलं काँक्रीट कडक थर लागेपर्यंत काढा आणि ॲसिड शिल्लक राहणार नाही असं भरपूर पाण्याने धुवा. कडेला, दारापाशी आणि नाल्याच्या तोंडाशी अँकर ग्रूव्ह कापावेच लागतात, थराच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट खोल, म्हणजे १२ बाय १२. पीयू काँक्रीट आक्रसतं आणि मोकळ्या कडेपासून उचलायला लागतं, हा खोबणीतला भाग त्याला धरून ठेवतो. उतार १०० ला १ ते १.५ आधीच काँक्रीटमध्ये करून घ्या, वरच्या थरात उतार काढायला गेलात तर माल दुप्पट लागतो.

शेड_भोसरी
सगळं तपासलं. ठोकून पाहिलं तर ४५ पैकी ३ पॅनेल बद्द वाजतात, तिन्ही शटरजवळची. त्यातली दोन फोर्कलिफ्ट गेल्यावर हलतात. चिरांची रुंदी अर्धा मिलिमीटर, उंचीत फरक नाही. घासून फवारल्यावर दीड मिलिमीटरवर गुलाबी आलं. प्लास्टिकखाली मागच्या भिंतीकडच्या दोन चौकोनांना ओल दिसली, बाकी कोरडे. शटरजवळ पत्र्याच्या पन्हाळीचा पाइप जोत्याला लागूनच खाली सोडलेला आहे, त्याचा काही संबंध असेल का?

मुरूम_सोलिंग
बहुतेक तोच चोर. पन्हाळीचं पाणी जोत्याच्या कडेने आत शिरतं, भरावातला बारीक मुरूम वाहून जातो आणि स्लॅबखाली पोकळी होते. पाइप आधी वळवून गटारात सोडा, नाहीतर जे भराल ते पुन्हा मोकळं होईल.

भरायची पद्धत: बद्द भागात मीटर-मीटरवर २० ते २५ मिमीची आरपार भोकं. सिमेंट ग्राउट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ च्या आत, प्लास्टिसायझर आणि आक्रसणं रोखणारं ॲडमिक्श्चर घालून. पंप कमी दाबाने चालवा आणि पॅनेलवर डायल गेज ठेवा. काटा हलला म्हणजे स्लॅब उचलला जातो आहे, लगेच थांबा. शेजारच्या भोकातून हवा न येता सलग ग्राउट आलं की तिकडे गुट्टी मारून पुढच्या भोकावर जायचं. आठवडाभर त्यावरून फोर्कलिफ्ट नको. तेवढा वेळ नसेल तर पीयू फोम इंजेक्शन काही तासांत वापरात येतं, पण फोम जोरात फुगतो आणि सपाटपणा बिघडवू शकतो, सराव असलेलाच माणूस हवा.

नंतर पुन्हा ठोका. एखादं पॅनेल तरीही हललं तर तेवढं एक फोडा, कडांना डॉवेल (शेजारच्या पॅनेलशी जोडणाऱ्या सळया) घालून नवीन ओता. ४५ पैकी एक फोडणं आणि ४५ च्या ४५ फोडणं यात फार अंतर आहे.

सांधा
चिरा थांबलेल्या आहेत असं दिसतं. पातळ सिमेंटचं पाणी ओतू नका, ते आक्रसून दोन्ही बाजूंनी सुटतं. गल्लीतली चीर ६ मिमी रुंद आणि १५–२० मिमी खोल कापून सांध्याच्याच फिलरने भरा, गल्लीबाहेरची पातळ इपॉक्सी वरून सोडून भरली तरी पुरे. जाळीसारख्या केसाएवढ्या बारीक रेषा असतील तर त्यांना हात लावू नका, त्या वरवरच्या असतात.

राळ_हार्डनर
मागच्या भिंतीकडच्या ओल्या पट्ट्यात इपॉक्सी न केलेलं बरं. तिथे डेन्सिफायर-पॉलिश ठेवा, त्यातून वाफ निघून जाते. मशीनमुळे इपॉक्सीच लागत असेल तर ओल सहन करणारा बॅरियर प्रायमर दोन हात, मिळून चौरस मीटरला ०.५ किलोच्या आसपास, मगच पुढचे थर.

कोकणकडा
थोडं अवांतर. रत्नागिरीला घरातला जुना कोबा आहे, तो न फोडता वर टाइल बसवता येईल?

मुरूम_सोलिंग
पोकळ वाजत नसेल आणि प्लास्टिकखाली ओल नसेल तर नक्कीच. घोटून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग ग्राइंडरने खरबरीत करा, नुसते टाके पुरत नाहीत. व्हिट्रिफाइड टाइलला साधं सिमेंट चालत नाही, ॲडहेसिव्हच हवं, आयएस १५४७७ प्रमाणे टाइप २ किंवा वरचं. खाचांच्या थापीने जमिनीवर लावा, मोठ्या टाइलला मागूनही. टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून १२ ते १५ मिमी उंची वाढते, म्हणून काम सुरू करण्याआधी दारं उतरवून खालून तासून घ्या.

हिशेबनीस
कोटेशनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ‘थ्री कोट’, ‘हेवी ड्यूटी’ या शब्दांवर भाव करू नका. चौरस मीटरला किती किलो, असं लिहून घ्या. रोलरने मारलेले तीन हात मिळून कसाबसा अर्धा मिलिमीटर होतो, तर सेल्फ-लेव्हलिंग २ मिमी असतं. दोन्हींना इपॉक्सीच म्हणतात.

सेल्फ-लेव्हलिंगला मिलिमीटरमागे सुमारे १.७ किलो. अर्धी शेड म्हणजे २७९ चौरस मीटर, २ मिमीला ९५० किलो, आणि प्रायमर चौरस मीटरला ०.२५ ते ०.३ किलो म्हणजे ७० ते ८५ किलो. काम संपल्यावर रिकामे डबे मोजा. माल उतरताना बॅच नंबरही पाहा, दोन बॅचमध्ये रंगाची छटा वेगळी निघते.

पृष्ठभाग घासणं चौरस फुटावर, सांधे रनिंग फुटावर, पॅच किलोवर असे वेगवेगळे भाव मागा. सगळं एकत्र असलं की घाईत घासण्याचं कामच आधी कमी होतं.

शेड_भोसरी
मनापासून आभार. आता क्रम असा ठरवतो आहे: पाइप वळवणे, ग्राउटिंग, मग पॅकिंगच्या भागात घासणे, डेन्सिफायर, पॉलिश, सांधे. नंतर माल तिकडे हलवून मशीनच्या भागात डीग्रीझिंग, घासणे, कडा, प्रायमर, २ मिमी इपॉक्सी. इपॉक्सी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मशीन चालू करता येईल का?

हिरापॅड
पॅकिंगच्या भागात सांधे आणि कडा १२० च्या आधी करा, शेवटी नको. मॉर्टर आणि फिलर जमिनीबरोबरच घासले गेले तर एकसपाट होतात. नंतर भरले तर पॉलिशवर ओघळ आणि पात्याच्या खुणा राहतात.

राळ_हार्डनर
२५ ते ३० अंशांत २४ तासांनी चालता येतं, हलकी ढकलगाडी ४८ तासांनी, फोर्कलिफ्ट, तेल आणि कूलंट सात दिवसांनी. मशीन उचललेलंच नसेल तर चालू करायला हरकत नाही, पण कूलंट गळू देऊ नका, अर्धवट कडक झालेल्या इपॉक्सीवर पांढरे डाग कायमचे बसतात.

मिसळताना डबा पूर्ण वापरा, अर्धा डबा अंदाजाने मोजू नका. संथ फिरणाऱ्या ड्रिलने, ३०० ते ४०० फेऱ्या, तीन मिनिटं. मग दुसऱ्या डब्यात ओतून पुन्हा एक मिनिट, कारण कडेला आणि तळाला न मिसळलेलं रेझिन राहतं आणि तेच जमिनीवर महिनोन्‌महिने चिकट डाग म्हणून राहतं. मिसळलं की लगेच जमिनीवर ओता. डब्यात ठेवलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेने वीस-पंचवीस मिनिटांत घट्ट होतं. काटेरी रोलर पंधरा मिनिटांच्या आत फिरवा, उशीर झाला तर फुग्यांऐवजी काट्यांच्या खुणा उमटतात. प्रेसच्या समोर, जिथे माणूस उभा राहतो, तिथे ओल्या थरावर बारीक क्वार्ट्झ भुरभुरवा आणि वरून एक सील कोट द्या, म्हणजे तेल सांडलं तरी पाय घसरणार नाही.

शटरजवळच्या पट्ट्यात दुपारचं ऊन येत असेल तर तिथे इपॉक्सी पिवळं पडतं. तेवढ्यावर ॲलिफॅटिक पीयूचा वरचा कोट मागा.

हिरापॅड
रोजच्या सफाईला न्यूट्रल साबण. ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर किंवा कॉस्टिक पॉलिशवर कधीही नको, चमक एका धुण्यात जाते. स्क्रबर मशीन असेल तर लाल पॅड, काळा नाही.

शेड_भोसरी
नोंद घेतली. ग्राउटिंगवाल्याला सोमवारी पाइपसकट दाखवतो. पुल-ऑफचे आकडे आले की इथेच टाकतो.